रूफसने अर्धीच ऐकलेली बातमी

पाइन हॉलोत टॉलिव्हरांचा राग सगळ्यांना माहीत आहे. बाकीच्यांच्या घरी राग येतो आणि जातो, यांच्याकडे तो मुक्कामाला असतो. रूफसची आई व्हर्नेल कोंबडीच्या कारखान्यात कोंबड्या सरकत येणाऱ्या पट्ट्यावर सुरी चालवायला होती. पट्ट्यावरच्या बायकांना लघवीला जायलाही साहेब परवानगी देईना. एक दिवस व्हर्नेलने सुरी खाली ठेवली आणि ती तिथेच फरशीवर बसली. शेजारची बसली, तिच्या शेजारची बसली, अख्खी रांग बसली. पट्टा थांबला. पट्टा थांबला की साहेबाला लगेच ऐकू येऊ लागतं. त्यांनी व्हर्नेलला कामावरून काढलं, तर दुसऱ्या दिवशी कुणी सुरीच उचलेना, म्हणून गुपचूप परत घेतलं. तेव्हापासून साहेबलोक तिला तोंडावर 'मॅडम' म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही तिला ठाऊक आहे आणि ते ऐकून तिची छाती दोन बोटं फुगते.

अशा बाईच्या पोटी रूफस जन्मला. लांब तंगड्या, मोठे पंजे, आणि डोक्यात तीच भट्टी.

गावात बेसबॉलची मैदानं दोन. एक रेल्वेच्या रुळांपलीकडे, गोऱ्यांच्या वस्तीत, नगरपालिकेचं. हिरवं गवत, चारी बाजूंनी कुंपण, संध्याकाळी दिवे. त्या दिव्यांचं बिल आमच्याही करातून जायचं, उजेड मात्र रूळ ओलांडून कधी अलीकडे आला नाही. दुसरं मैदान माउंट नेबो चर्चच्या मागे, आमचं. त्याला कुंपण नाही, भिंत नाही, काही नाही. फलंदाजाच्या समोर, जिथे सेंटर फील्डचा गडी उभा राहतो, त्याच्या मागे जमीन उतरत उतरत थेट ओढ्यापर्यंत जाते. चेंडू एकदा का गड्याला चुकवून मागे गेला की घरंगळत ओढ्यात. तोवर फलंदाज चारही तळांना फेरी मारून, घरी पोचून, पाणी पिऊन झालेला असतो.

या मैदानाचे मालक-चालक म्हणजे चर्चचे एक कारभारी, डीकन पर्व्हिस. आठवडाभर लाकडाचे ट्रक चालवायचे, रविवारी चर्च सुटलं की कोट काढून फांदीला अडकवायचा आणि पोरांना खेळवायचं. रूफसला त्यांनी लहानपणीच सेंटरला टाकला, कारण ओढ्यापर्यंत पळायचा दम एकट्या त्याच्यात होता.

"मागे बघत पळू नकोस," डीकन सांगायचे. "चेंडूकडे बघत पळणारा गडी चेंडूला विचारत बसतो, कुठे निघालास बाबा. बॅटचा आवाज ऐक. आवाजातच कळतं कुठे पडणार. पाठ फिरव, पळ, पोच, आणि मगच वर बघ."

"आणि वर बघितल्यावर चेंडू नसला तर?"

"तर ओढ्यात उतर. तुझ्या चुलत्याचा बूट पण तिथेच आहे, तो घेऊन ये."

रूफस शिकला. इतका शिकला की डोळे मिटूनही चेंडूच्या खाली जाऊन उभा राहायचा. रुळांपलीकडच्या मैदानावर हातात घड्याळं घेऊन निवड करणारे लोक दर उन्हाळ्यात यायचे. आमच्याकडे एकही फिरकला नाही. त्यांना वाटत असावं, जिथे भिंत नाही तिथे खेळही नसणार.

कॅल्व्हरी कॉलेजने मात्र त्याला घेतलं. आपल्याच काळ्या लोकांचं छोटं कॉलेज, पण शंभर वर्षांत तिथून शिक्षक निघाले, डॉक्टर निघाले. टॉलिव्हर घराण्यातला कॉलेजात जाणारा हा पहिला. व्हर्नेलने त्या दिवशी कारखान्यातल्या प्रत्येकीला सांगितलं, आणि ज्यांना सांगितलं त्यांनाच विसरून परत सांगितलं.

पहिल्याच सामन्यात रूफसने कॉलेजात नाव काढलं, पण भलत्याच कारणाने. समोरच्या फलंदाजाने उंच फटका मारला. रूफसने आवाज ऐकला, पाठ फिरवली आणि पळाला, जसा आयुष्यभर पळाला होता तसा. फरक एवढाच की इथे मैदानाला भिंत होती. लाकडी, उंच, आणि तिच्यावर गावातल्या अंत्यविधीच्या दुकानाची जाहिरात: 'आम्ही शेवटपर्यंत सोबत आहोत.' त्या अक्षरांवर रूफस पुरता सपाट झाला. ज्याला भिंत म्हणजे काय हेच शिकवलेलं नाही तो दुसरं काय करणार?

प्रशिक्षक कोच ईझल पळत आले. वयस्कर माणूस, दुखरा गुडघा, त्यामुळे पोचायला वेळ लागला. रूफस पाठीवर पडलेला, नाकातून रक्त, आणि छातीशी धरलेल्या हातमोज्यात चेंडू.

"पोरा," कोच म्हणाले, "ती भिंत चाळीस वर्षं तिथे उभी आहे. तुझ्या अंगावर धावून आली नाही ती."

"आमच्याकडे नसते, कोच."

"काय नसते?"

"भिंत."

कोचनी हातमोज्यातून चेंडू काढून पंचाला दाखवला. झेल तर झेल. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रूफसला भिंतीची ओळख करून द्यायला घेतली. भिंतीच्या अलीकडे खडीचा एक पट्टा असतो, बुटाखाली आवाज बदलतो. कोचनी त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि गवतावरून खडीवर, खडीवरून गवतावर चालवलं. बाकीची पोरं हसायची. "टॉलिव्हर, काठी देऊ का?" तो हसणाऱ्यांची नावं लक्षात ठेवायचा. पण आवाज ऐकून पळायचं त्याला आधीपासून येत होतं, आता पायांनी ऐकायलाही आलं. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या लीगमध्ये असा गडी दुसरा नव्हता. घड्याळवाले लोक आता कॅल्व्हरीच्या फळकुटाच्या बाकांवरही येऊन बसू लागले.

आणि मग झाला तो तंटा.

पदवीला एक वर्ष बाकी असताना एका क्लबने रूफसला निवडलं. क्लब पाळीपाळीने फेऱ्या करून पोरं निवडतात; अगदी वरच्या फेरीत नाही, पण निवडलं. क्लबचा माणूस कागद घेऊन पाइन हॉलोत आला, व्हर्नेलच्या स्वयंपाकघरात बसला. तिने त्याला बर्फ घातलेला गोड चहा दिला. मग विचारलं, "तुमचा क्लब पदवी देतो का?"

"मॅडम, आमचा क्लब संधी देतो."

"संधी मला कारखान्यानेही दिली होती. बोटांवरची संधिवाताची गाठ दाखवू का?"

"आई," रूफस म्हणाला.

"तू गप्प बस. मी पाहुण्यांशी बोलतेय."

पाहुण्याने चहा संपवला आणि बाहेर गाडीत जाऊन बसला. शहाणा होता. आत मायलेकांचं जे झालं ते शेजारच्या तीन घरांनी खिडक्या उघड्या ठेवून ऐकलं.

"गुडघा मोडला की क्लब म्हणेल, जा बाबा," व्हर्नेल म्हणाली. "पदवी कधी जा म्हणत नाही. एक वर्ष. एकच वर्ष थांब."

"एका वर्षात दुसरा सेंटर फील्डर मिळेल त्यांना. कॉलेज कुठे पळून जातंय?"

"कॉलेज नाही पळत. माणसं पळतात. परत आलेला एकही मला दाखव."

"मी येईन."

"शब्द?"

"शब्द. मोठ्या लीगमध्ये नाही पोचलो तर परत येऊन पदवी घेईन."

"मग माझाही शब्द ऐक. मी तुझ्या मैदानात पाऊल टाकेन ते मोठ्या लीगच्या, नाहीतर तुझ्या पदवीदानाच्या मांडवात. त्याच्या अधेमधे कुठेही मला शोधू नकोस."

रूफसने सही केली. व्हर्नेलने त्याला प्रवासाला डबा दिला, कपडे इस्त्री करून दिले, दारात पापी घेतली, आणि शब्द पाळला. टॉलिव्हरांची हीच तर पंचाईत आहे. रागाच्या भरात बोलतात आणि राग उतरल्यावरही तसंच वागतात.

खालच्या लीग म्हणजे काय ते ज्याने बघितलं नाही त्याला बेसबॉल फक्त टीव्हीवर दिसतो. एका पायरीवरून दुसरीवर, एका गावातून दुसऱ्या गावात, आणि प्रत्येक पायरीवर निम्मी पोरं गळतात. बसमध्ये झोपायचं, पेट्रोल पंपावर जेवायचं, एका खोलीत चौघांनी राहायचं. क्लबच्या मालकांची घरं बघा आणि या पोरांच्या गाद्या बघा, मग मला खेळाच्या पावित्र्याबद्दल सांगा. रूफसने ते सगळं हसत काढलं. तो सगळ्यांना हसवायचा, बसमध्ये चर्चची गाणी म्हणायचा, नव्या पोराला आपली उशी द्यायचा. फक्त सामना संपल्यावर इतरांच्या आया कठड्याशी येऊन पोरांचे गाल ओढायच्या, तेव्हा तो बूट सोडायला खाली वाकायचा आणि बराच वेळ नाड्याच सोडत राहायचा.

त्याला हे माहीत नव्हतं की व्हर्नेल कारखान्याच्या आवारात, डीकन पर्व्हिसच्या जुन्या गाडीत बसून, फोनवर प्रत्येक सामन्याचं समालोचन ऐकायची. गाव जाणून होतं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "गाडीत बसते कारण गाडीत गारवा आहे." डिसेंबरातही हेच सांगायची.

अशी वर्षं गेली आणि रूफस सगळ्यात वरच्या पायरीवर, क्लबच्याच ग्रँबीच्या संघात पोचला. ग्रँबी टेनेसीत आहे. इथून पुढे एकच पायरी, मोठी लीग. ही पायरी चढता न आलेली माणसं ग्रँबीत पोत्याने सापडतात. रूफस तिथे तिसरा उन्हाळा काढत होता. दोनदा त्याच्यापेक्षा लहान पोरं वर गेली आणि त्याने त्यांच्या बॅगा गाडीपर्यंत उचलून दिल्या.

ग्रँबीच्या मॅनेजरला सगळे हॅच म्हणायचे. पोट सुटलेला, मिशीवाला, मनाने वाईट नाही, पण थट्टेचा शौकीन. या खेळात एक जुनी रीत आहे. पोराला मोठ्या लीगने बोलावलं की मॅनेजर ते सरळ सांगत नाही. आधी खोलीत बोलावतो, चेहरा पाडतो, खोट्या कारणावरून झापतो, पोराला रडकुंडीला आणतो आणि मग बातमी देतो. बाहेर बाकीची पोरं बर्फाच्या पाण्याच्या बादल्या घेऊन दबा धरतात. बातमी कळून बाहेर आला की ओतायच्या. सगळ्यांना रीत ठाऊक असते. तरी ज्याच्यावर वेळ येते त्याला ती त्या क्षणी आठवत नाही.

शनिवारचा सामना संपला. हॅचने रूफसला बोलावलं.

"दार लाव. बस."

रूफस उभाच राहिला.

"गुरुवारी तुला खूण केली होती, बॅट आडवी धरून चेंडू नुसता टेकव म्हणून. तू काय केलंस?"

"फटका मारला."

"आणि?"

"आणि झेलबाद झालो."

"मी या संघाचा मॅनेजर आहे की भाजीवाला?" हॅचने टेबलावर हात आपटला. रंगात आला होता. "हे बघ टॉलिव्हर, उद्यापासून इथे तुझ्यासाठी जागा नाही. कपाट रिकामं कर."

पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. त्याने नाटकासाठी मध्ये फक्त एक श्वास घेतला. टॉलिव्हरासमोर श्वास घ्यायचा नसतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं," रूफस म्हणाला. "मग आता माझं ऐका. तीन उन्हाळे मी तुमच्या सेंटरला उभा आहे. तुमच्या निम्म्या गोलंदाजांची अब्रू माझ्या पायांनी वाचवली. गेल्या वर्षीपर्यंत तुम्ही मला माझ्या आधीच्या पोराच्या नावाने हाका मारत होतात आणि मी ओ देत होतो. दोघं माझ्या डोळ्यांसमोर वर गेले, मी त्यांच्या बॅगा उचलल्या, तोंड वाकडं केलं नाही. आणि एका खुणेवरून मला काढता? कपाट तुम्हीच रिकामं करा. आणि ती मिशी काढा, तुम्हाला शोभत नाही."

"अरे ऐक तर—"

दार धाडकन उघडलं. बाहेर आठ-दहा पोरं वाटच बघत होती. तीन बादल्या बर्फाचं पाणी त्याच्या डोक्यावर आलं आणि सगळे लांडग्यांसारखे ओरडले. रूफसला वाटलं, हे आपल्याला काढलं म्हणून नाचतायत. ज्यांना आपण उशी दिली ते. त्याने दोघांना बाजूला ढकललं आणि ओल्या कपड्यांनीच चालू पडला. "थांब रे, वेड्या, थांब," म्हणत पोरं मागे पळाली, पण त्याच्यासारखं पळणारं त्या संघात होतंच कोण? खोलीवर जाऊन त्याने बॅग भरली, चार्जर नेहमीप्रमाणे भिंतीतच विसरला आणि बसस्टँड गाठलं. हॅच खोलीवर पोचला तेव्हा तिथे तो चार्जर तेवढा होता. रात्रभर त्याने केलेले फोन रूफसने उचललेच नाहीत.

रविवारी सकाळी व्हर्नेल चर्चला जायचा पांढरा ड्रेस इस्त्री करत होती. फोन वाजला.

"आई, मला काढलं."

इस्त्री थांबली. "कुणी?"

"मॅनेजरने. बर्मिंगहॅमला दुपारी उतरतो, तिथून घरची बस पकडतो. जानेवारीत कॉलेजात नाव घाल माझं. शब्द दिला होता, पाळतोय. बॅटरी संपत आली—"

आणि संपली.

व्हर्नेल बसली. इतकी वर्षं तिला हेच हवं होतं. पैज जिंकली होती ती. मग आनंद का होईना? तिच्या पोराला कुणीतरी 'जा' म्हणालं होतं. ते म्हणायचा हक्क फक्त तिचा होता आणि तिने तो कधी वापरला नव्हता.

परत फोन वाजला. क्लबच्या कागदांवर घरचा नंबर तिचाच होता.

"मिसेस टॉलिव्हर? मी ग्रँबीहून हॅच—"

"तुम्हीच का ते. बरं झालं स्वतःच तोंड दाखवलंत. माझा मुलगा काय जुनं टायर आहे? वापरलं, झिजलं, फेकलं? त्याच्या पाठीवर—"

"मॅडम, एक मिनिट—"

तिने फोन आपटला. पुन्हा वाजला.

"मॅडम, फक्त एक वाक्य—"

"माझ्या पोराला दिलंत का तुम्ही एक वाक्य बोलायला?"

पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा हॅचने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. तिने उचलताच तो ओरडला, "मोठी लीग. अटलांटा. उद्या. तुमचा मुलगा."

इस्त्री तशीच राहिली होती. ड्रेसच्या बाहीतून धूर निघू लागला.

"परत बोला," व्हर्नेल म्हणाली.

"मोठ्या क्लबचा सेंटरचा गडी जखमी झालाय. ते उद्या अटलांटात खेळतायत. रूफसला बोलावलंय."

"मग कपाट रिकामं कर का म्हणालात?"

"रीत आहे, मॅडम. आधी जरा घाबरवायचं आणि मग गोड बातमी द्यायची. माझ्या मॅनेजरनेही माझ्याशी—"

"तुमच्या आईने शिकवली का ही रीत?"

"नाही, मॅडम."

"मग आज तिला फोन करा आणि तिला विचारा की ही रीत कशी वाटते." तिने इस्त्री उचलली. "पोराला शोधायचं माझं मी बघते. तुम्ही अटलांटाला कळवा, टॉलिव्हर येतोय. आणि मिस्टर हॅच."

"हो, मॅडम."

"थँक्यू."

माउंट नेबोत प्रवचन सुरू झालं होतं. जळक्या बाहीचा ड्रेस घालून व्हर्नेल मधल्या वाटेने सरळ पुढे गेली.

"मला साक्ष द्यायची आहे, देवाने आज काय दिलं त्याची."

"सिस्टर व्हर्नेल," रेव्हरंड म्हणाले, "साक्ष प्रवचनानंतर."

"प्रवचनानंतर बस निघून जाईल."

तिने तिथल्या तिथे सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत मागच्या बाकांवरच्या बाया उभ्या होत्या. ऑर्गनवाला कुणी न सांगताच वाजवू लागला. रेव्हरंडनी हात वर करून जरा शांतता मिळवली.

"आज मी धीर धरण्यावर बोलणार होतो," ते म्हणाले. "तुम्ही पुढच्या रविवारपर्यंत धराल अशी आशा आहे. डीकन, चर्चच्या मोठ्या गाडीत पेट्रोल आहे का?"

"शनिवारीच भरलंय," डीकन पर्व्हिस म्हणाले, आणि उठताना डोळे पुसले. बायकांनी चर्चनंतरच्या जेवणाची भांडी तशीच गाडीत चढवली. तळलेला मासा, मक्याचा पाव, शिजवलेली भाजी, दोन लोण्याचे केक. कोंबडी नव्हती. पाइन हॉलोत कुणी रविवारी कोंबडी खात नाही, आठवडाभर ती बघून पोट भरलेलं असतं.

बर्मिंगहॅमच्या बसस्टँडवर रूफस उतरला तेव्हा बस लागायच्या जागी चर्चची पांढरी गाडी लागलेली, आणि समोर चर्चच्या टोप्या-गाऊन घातलेलं अर्धं गाव. एवढी माणसं अशा कपड्यांत चर्चबाहेर त्याने फक्त मयताला पाहिली होती. त्याच्या हातातून बॅग सुटली.

"कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," डीकन म्हणाले. "पण तुझ्या आईला वाटेत ग्रँबी लागलं असतं तर एक जण गेला असता."

व्हर्नेल पुढे आली. बाकीच्यांना तिने बजावून ठेवलं होतं, कुणी तोंड उघडायचं नाही.

"मी शेवटचं वाक्य आधी सांगते," ती म्हणाली. "मोठ्या लीगने तुला बोलावलंय. उद्या. अटलांटात. आता पहिलं वाक्य. समोरच्याचं बोलणं पुरं ऐकलं तर तुझं काय जातं?"

रूफसने तिच्याकडे पाहिलं. मग डीकनकडे. डीकननी होकाराची मान हलवली.

"मी त्यांना मिशी काढा म्हणालो," तो हळूच म्हणाला.

"मी त्याच्या आईवर गेले. आपण फिटंफाट."

मग रूफसने तिला उचललं. अख्ख्या स्टँडसमोर, टोपीसकट. ती त्याच्या पाठीत हातमोजे मारत राहिली, "ठेव खाली, माझं वय आहे का हे," आणि तो ठेवेना. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता तर गायकवर्गातल्या बायकांनी त्याच्याच तालावर गाणं धरलं.

अटलांटाच्या रस्त्यावर गाडीत मागे जेवण चाललं होतं. रूफस तोंडात मासा कोंबून सांगत होता की खरी चूक गुरुवारचीच, ती खूण त्याने मुद्दाम पाळली नव्हती.

"नव्हतीच पाळलीस," व्हर्नेल खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तिसऱ्या तळावरचा गडी मागे सरकून उभा होता. नुसता टेकवला असतास तरी पहिल्या तळावर पोचला असतास."

रूफसने हातातला मासा खाली ठेवला.

"तुला कसं माहीत?"

"काय?"

"तो मागे सरकला होता ते."

व्हर्नेलने मासा पुढे केला. "अजून घे. गार होतोय."

"आई."

"गाडीत गारवा असतो, म्हणून बसते," ती म्हणाली, आणि पुढच्या सीटवर डीकन पर्व्हिस इतके हसले की गाडी दोनदा पांढऱ्या पट्टीवर गेली. रूफस हसला नाही. त्याने आपलं डोकं तिच्या खांद्यावर, जळक्या बाहीवर टेकलं, आणि पुढचा सगळा रस्ता तसाच बसला. एवढा लांब माणूस, मान अवघडली असणार.

सोमवारी संध्याकाळी स्टेडियमच्या फाटकावर पहारेकऱ्याने केक अडवला. बाहेरचं खाणं इतक्या मोठ्या डब्यातून नेता येणार नाही म्हणाला. व्हर्नेलने त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाली, "मग इथेच संपवू." पाइन हॉलोच्या मंडळींनी फाटकाशीच उभ्याने केक कापला. पहारेकऱ्यालाही दिला. मग ती फाटकाच्या आतल्या बाजूला क्षणभर थांबली, खाली आपल्या बुटांकडे पाहिलं, आणि चालू लागली.

रूफसला सुरुवातीला खेळवलं नाहीच. तो कठड्याआड बाकावर बसून होता. आमची मंडळी तरीही त्याच्या नावाने ओरडत होती. तो पाणी प्यायला तरी ओरडायची. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने मागे वळून विचारलं, "हा टॉलिव्हर कोण?" तर त्याला चार बाजूंनी चार उत्तरं मिळाली आणि मक्याच्या पावाचा एक तुकडा, जो कुठून आत आला ते कुणी विचारू नये.

शेवटच्या डावात रूफसचा क्लब एका धावेने पुढे होता. तिथल्या मॅनेजरने सेंटरला ताज्या पायांचा गडी पाठवायचं ठरवलं. रूफस बाहेर पळत आला. भोंग्यावर त्याचं नाव पुकारलं, आणि टॉलिव्हर हे नाव त्या माणसाने बरोबर उच्चारलं. व्हर्नेल उभी राहिली ती सामना संपेपर्यंत बसली नाही. मागचा माणूस "बाई, दिसत नाही" म्हणाला. त्याला डीकन पर्व्हिसनी समजावलं.

पहिल्या फलंदाजाच्या बॅटला चेंडू लागलाच नाही, तो तसाच परतला. दुसऱ्याने जमिनीवर मारला, जवळच्या गड्याने चेंडू अडवून त्याला बाद केलं. तिसरा आला. प्रत्येक फलंदाजाच्या वेळी रूफस दोन पावलं डावीकडे, नाहीतर तीन पावलं मागे सरकत होता, गुडघे जरा वाकवून, हात मोकळे सोडून. तिसरा हवेत बॅट फिरवून बाद झाला, आणि तीन बाद की डाव खलास. सामना संपला. रूफसकडे एकही चेंडू आला नाही.

गडी एकमेकांना टाळ्या देत आत येऊ लागले. रूफस मात्र थेट कठड्याकडे आला. टोपी काढली. चेहरा असा, की गावाने त्याच्याकडून काहीतरी मागितलं होतं आणि त्याला ते देता आलं नाही.

"आई, इतक्या लांबून आलात सगळे," तो म्हणाला. "माझ्याकडे चेंडूच आला नाही."

"बघितलं की."

"मी नुसता उभा होतो."

व्हर्नेलने कठड्यावरून हात खाली घातला आणि त्याचे दोन्ही गाल धरून ओढले, लहान पोराचे ओढतात तसे, चांगले लाल होईपर्यंत.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली, "पण तुझ्यासारखा उभा राहणारा मी पाहिला नाही. उद्या किती वाजता आहे?"

"सात. पण तुझा कारखाना? उद्या तुला कामावर जायचंय ना?"

"पट्टा थांबला तर थांबू दे," व्हर्नेल म्हणाली, आणि मागे वळून डीकनना विचारलं की अटलांटात केक कुठे चांगला मिळतो.